काचेपलीकडचा तळहात

"वहिनी, दादा घरात आहेत का?"

दारात उभ्या असलेल्या माणसाने एवढंच विचारलं, आणि वहिनीच्या हातातलं ओलं फडकं हातातच राहिलं. तीन वर्षांनी या उंबऱ्याशी आलेला तो आवाज तिला ओळखू आला, पण त्यातलं ते 'आहेत' ओळखीचं नव्हतं... ज्या पोराने शाळेतून येताना कोपऱ्यावरूनच 'दादा कुठंय गं?' म्हणून गल्ली डोक्यावर घ्यावी, तो आज परक्या गिऱ्हाइकासारखा पायपुसण्याच्या अलीकडे उभा राहून मोठ्या भावाला अहोजाहो करत होता.

ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा हा दीर नऊ वर्षांचा होता. आई नव्हती, आणि वडील काचेच्या कामात बुडालेले. त्याची नखं तिने कापली, त्याच्या तापात तिने रात्री काढल्या, आणि 'भाऊजी' म्हणायचं सोडून सगळ्या घरासारखं तीही त्याला बारक्याच म्हणू लागली. आता बारक्याच्या कानांवर पांढरे केस आले होते.

"या ना भाऊजी, आत या," ती म्हणाली, आणि त्याच्या पुढे झपाझप स्वयंपाकघरात गेली.

थोरला टेबलाशी पंख्यासमोर बसला होता. नुकतीच एक गरम लाट त्याच्या अंगावरून जाऊन ओसरली होती. मान, कपाळ, छाती सगळं घामाने निथळत होतं आणि शर्ट उघडा होता. तिने खुंटीवरचं जाड जाकीट त्याच्या खांद्यांवर टाकलं. ऐन उकाड्यातही तो ते जाकीट घालायचा. ते का, हे जगात तिघांनाच माहीत होतं: त्याला, तिला आणि डॉक्टरीणबाईंना.

"बारक्या आलाय," ती कुजबुजली.

जाकिटाची बटणं लावताना थोरल्याची बोटं अडखळली. शेवटचं बटण तिने लावलं.

धाकटा आला, बसला नाही. उभ्या उभ्याच म्हणाला, "वाचनालयाची मोठी खिडकी तडकलीय. बाबांनी बसवलेली. नवीन काच मी करतोय."

"चांगलंय. यंत्र आहे ना तुझ्याकडे उचलायला?"

"यंत्र जिना चढत नाही."

"मग जिन्याला सांग, थोडं वाक म्हणून."

धाकट्याच्या जबड्याची शीर हलली. हसू की राग, ते वहिनीला कळलं नाही. "सहा माणसांची काच आहे," तो म्हणाला. "जिन्याला वळण आहे. माणसं म्हणतात, पावलांची हाळी दादांची असेल तर उचलतो. माझी हाळी त्यांना चालत नाही. म्हणतात, मी घाई करतो."

"करतोसच."

"म्हणून आलोय. हाळी द्यायची, बाकी कशाला हात लावायचा नाही. माझ्या घरी या असं मी म्हणत नाही, आणि तुमच्याकडे आलो असंही समजू नका. खिडकी बाबांची आहे म्हणून आलो." मग तो वहिनीकडे न बघता तिला म्हणाला, "तुमची परवानगी असेल तर."

तो टोमणा तिने गिळला. तीन वर्षांत तिला सवय झाली होती. सगळ्या नात्यागोत्यात हेच बोललं जात होतं की दोन भाऊ रामासारखे राहिले असते, पण बायकोने घर फोडलं. लग्नसमारंभात बायका तिला बघून आवाज खाली करत. तिने कधी कुणाला उत्तर दिलं नाही. उत्तर होतं, पण ते तिचं नव्हतं. ते नवऱ्याचं होतं, आणि त्याने तिच्याकडून शब्द घेतला होता.

"उद्या सकाळी येतो," थोरला म्हणाला.

धाकटा गेल्यावर ती म्हणाली, "जाऊ नका."

"मी नाही गेलो तर ती सहाजणं त्याच्या हाळीवर चढतील. वळणावर खालच्याला पाऊल दिसत नाही. तू सांग, जाऊ नको?"



*

आजार पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा होता, कर्करोग. घरी-दारी त्यांनी मुतखडा सांगितला. त्या गाठीला पुरुषी संप्रेरकावर पोसायची सवय असते, डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं होतं, म्हणून ते संप्रेरक शरीरात बनूच द्यायचं नाही. दर काही महिन्यांनी एक इंजेक्शन, सोबत किरणं, दोन वर्षं. "गाठ उपाशी मरेल," बाई म्हणाल्या होत्या, "पण त्याच घरात राहणारे बाकीचेही थोडे उपाशी राहतील. स्नायू, हाडं, झोप, मन. हे आधीच सांगून ठेवते."

गाठ मेली. बाईंनी सांगितलेलं अक्षरन् अक्षर खरं झालं, आणि बाकीचंही. आधी लाटा सुरू झाल्या. भट्टीचं दार उघडावं तसा माणूस आतून पेटायचा आणि पुढच्या क्षणी गारठून कुडकुडायचा. मग छाती मऊ होऊन सुजली. मग दंड उतरले. ज्या दंडांना लटकून बारक्या लहानपणी झोके घ्यायचा, ते दंड वहिनीने डोळ्यांदेखत वितळताना पाहिले. आणि सगळ्यात नवल म्हणजे अश्रू. वडिलांच्या मृत्यूला न रडलेला हा माणूस रेडिओवर हवामानाच्या बातम्या ऐकताना रडायचा. कुठल्याशा किनाऱ्यावर होड्या परतल्या नाहीत म्हणून त्याने एकदा जेवण अर्धं टाकलं. वहिनी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसे, आणि तिला भीतीसोबत दुसरंही काहीतरी वाटे... इतकी वर्षं ज्याच्याशी संसार केला त्याच्या आत एवढं पाणी होतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. डोळ्यांना दिसतही नाही एवढ्याशा रसायनाने पहाडासारखा माणूस असा उलगडत जावा, याने ती थक्क होई.

तरीही तो कामावर जात होता, कारण काच उचलताना दुसऱ्या टोकाला बारक्या असायचा.

काचेच्या धंद्यात एक नियम आहे, त्यांच्या वडिलांनी दोघांना मिसरूड फुटायच्या आधी शिकवलेला: काच सुटली तर सोडायची. झेलायला जायचं नाही, वाचवायला जायचं नाही, हात उघडायचे आणि मागे व्हायचं. काच पुन्हा मिळते, हात पुन्हा मिळत नाही.

त्या दिवशी दुकानाच्या दर्शनी भागाची काच नेताना थोरल्याची पकड सुटली. न निसटता, न अडखळता... बोटांनी ऐकायचंच बंद केलं. त्याने नियमाप्रमाणे ओरडून सांगितलं, "सोड!" पण धाकट्याने सोडली नाही. पलीकडे दादा होता, आणि काच दादाच्या बाजूने कलत होती. त्याने ती सगळी स्वतःच्या छातीवर ओढून घेतली. ती फुटली तेव्हा त्याचा हात मनगटापासून कोपरापर्यंत उसवला.

दवाखान्यातून परत आल्यावर थोरल्याने दिवाही लावला नाही. मग बायकोला म्हणाला, "पलीकडच्या टोकाला मी असेन तोवर हा काच सोडणार नाही. आज हात गेला असता. उद्या मान जाईल."

"मग त्याला खरं सांगा."

"खरं सांगितलं तर तो अजिबात सोडणार नाही. यंत्र घेणार नाही, मोठी कामं घेणार नाही. दोघांनी मिळून आरसे बसवू म्हणेल. बारक्याला ओळखतेस ना?"

ओळखत होती. म्हणूनच तिने गप्प राहायचा शब्द दिला.

आठवड्याने थोरल्याने यंत्रावरून भांडण उकरून काढलं. सगळ्या कामगारांसमोर तो धाकट्याला म्हणाला की तुझ्या निष्काळजीपणानेच काच फुटली, माझ्या कारखान्यात तुझ्यासारख्याला जागा नाही, तुझा वाटा घे आणि वाट धर. हाताला टाके घातलेला बारक्या अवाक होऊन ऐकत राहिला. मग त्याने वळून वहिनीकडे पाहिलं. लहानपणी मार बसायच्या आधी पाहायचा तसं. आणि वहिनीने, नवऱ्याला दिलेला शब्द दातांखाली धरून, एवढंच म्हटलं, "ते म्हणतात तसंच करा, भाऊजी."

त्या दिवसापासून तो 'भाऊजी' झाला, आणि ती घर फोडणारी.

इंजेक्शनं त्यानंतर लवकरच थांबली. बहुतेकांचं शरीर मग हळूहळू पुन्हा ते संप्रेरक बनवू लागतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या; काहींचं नाही. थोरला रोज सकाळी गॅलरीत पाण्याने भरलेली बादली एका हाताने उचलून पाहायचा. "ताकद आली ना, की त्याच्या दारात जाऊन उभा राहतो," तो म्हणायचा. "दुसऱ्या टोकाला उभा राहतो आणि म्हणतो, उचल." पहिल्या वर्षी बादली काठोकाठ असायची. दुसऱ्या वर्षी ती अर्धी झाली. यंदा ती बादली वहिनीने न सांगता झाडांपाशी नेऊन ठेवली, आणि त्याने ती कुठे गेली हे विचारलं नाही.

*

वाचनालयाच्या जिन्याशी सहा माणसं काचेभोवती उभी होती. काच एवढी मोठी की तिच्यात समोरचं सगळं आवार, झाडं आणि आभाळाचा मोठा तुकडा उभा राहिला होता. वहिनी रंगाचा डबा आणि कुंचला घेऊन आली होती. नव्या काचेवर पांढरी फुली मारायचं काम या घरात नेहमी तिचंच. फुली नसेल तर माणसं काच नाही समजून तिच्यावर आपटतात. धाकट्याने डब्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली.

"काय रे लंबू, अजून खाली वाकूनच चालतोस का?" थोरल्याने सगळ्यात जुन्या कामगाराला विचारलं.

"तुमच्यामागे कोणी सरळ चालायला शिकवलंच नाही, दादा."

माणसं हसली, खांदे सैल झाले. मग थोरला जिन्याच्या दोन पायऱ्या वर उलटा उभा राहिला, त्यांच्याकडे तोंड करून, आणि त्याने हाळी दिली.

तो आवाज तेवढा मात्र तसाच होता. औषधाने सगळं नेलं, पण ती खर्जातली, घाई न करणारी हाळी नेली नव्हती. "घ्या... उजवा... टेका. डावा... टेका." बारा पावलं एका जनावराची असावीत तशी पडू लागली. वळणावर काच जवळजवळ उभी झाली, खालच्या दोघांना स्वतःचे पायही दिसेनात, आणि थोरला पायरी न बघता मागे मागे चढत त्यांचे पाय त्यांच्या वतीने बघत राहिला. "लंबू, अर्धं बोट आत. श्वास घ्या सगळे. घेतला? आता सोडा... आणि उजवा." वाचनालयात पुस्तकं वाचत बसलेली माणसं उठून कठड्याशी आली होती, आणि कोणी हू की चू करत नव्हतं. एक प्रचंड, पारदर्शक, काहीच नसल्यासारखी वस्तू माणसांच्या खांद्यांवरून वर तरंगत होती. वहिनीने आयुष्यभर हे पाहिलं होतं, तरी तिच्या अंगावर काटा आला.

काच चौकटीत उभी राहिली. आतून सहाजणांनी खालची कड आणि बाजू धरल्या. धाकटा बाहेर परांचीवर गेला. काच जाड असते, पलीकडचं ऐकू येत नाही. म्हणून काचवाले एकमेकांशी हातांनी बोलतात. मूठ म्हणजे धर. दोन बोटं म्हणजे सूतभर वर. सपाट तळहात म्हणजे दाब. दोन्ही तळहात उघडे म्हणजे सोड, बाजूला हो. बारक्याने ही भाषा लिहायला शिकायच्या आधी शिकली होती.

वरचा डावा कोपरा बसत नव्हता. बाहेरून धाकट्याने सपाट तळहात दाखवला: दाब. आतल्या सहाही जणांचे हात अडकलेले. थोरल्याने लाकडी घोडीकडे पाहिलं.

"कशाला हात लावायचा नाही असं ठरलंय," वहिनी हळूच म्हणाली.

"मग कोण लावणार?" तो म्हणाला, आणि घोडीवर चढला.

त्याने दोन्ही तळवे कोपऱ्यावर ठेवले आणि दाबलं. काहीच झालं नाही. धाकट्याने पुन्हा खूण केली: दाब. जोरात. पूर्वी दादाचा एक तळहात पुरायचा. थोरल्याने सगळं अंग लावलं. आणि तेव्हाच लाट आली. वहिनीने ती मानेवरून चढताना पाहिली, लाल, निर्दय. त्याचा श्वास काचेवर पडला आणि काच धुकटली. त्याच्या तोंडाभोवती पांढरं वर्तुळ पसरत गेलं. गुदमरून त्याने एका हाताने जाकिटाची बटणं तोडली. जाकीट खाली पडलं. आत घामाने अंगाला चिकटलेला शर्ट होता.

बाहेर, हातभर अंतरावर, धाकट्याचा चेहरा होता. काच पुसायला थोरल्याने तळवा फिरवला आणि धुक्यातून तो धाकट्याला पुरता दिसला. ते उतरलेले खांदे, काठीसारखे दंड, बायकांसारखी सुजलेली छाती, थरथरणारी मनगटं. धाकट्याची खुणेसाठी उचललेली बोटं हवेतच राहिली.

तेवढ्यात वारा आला. वरची कड सूतभर बाहेर झुकली. सहाजणांचे पाय करकरले. थोरल्याने बाहेर पाहिलं आणि दोन्ही तळहात उघडून दाखवले: सोड. बाजूला हो.

धाकट्याने मान हलवली, नाही. आणि तोच टाक्यांचा व्रण असलेला हात उचलून त्याने काचेवर ठेवला, दादाच्या तळहाताच्या बरोबर पलीकडे.

थोरला आतून ओरडत होता, "सोड रे, सोड!" पलीकडे काही ऐकू जात नव्हतं. वहिनी घोडीवर चढली. जन्मात तिने नव्या काचेला बोट लागू दिलं नव्हतं. ठसा पडला की कामगारांना ती झोडपून काढायची. तिने आपले दोन्ही तळवे नवऱ्याच्या तळव्यांशेजारी ठेवले. पलीकडच्या हाताकडे तिने डोळ्यांनी खूण केली: आधी आम्ही आत ओढून सरळ करतो, मग तू हात काढ. धाकट्याला ते कळलं. लहानपणी ताप आला की ती बोलायच्या आधी त्याला सगळं कळायचं. काचेवर चिकटवलेल्या रबरी पकडीला धरून दोघांनी वरची कड आत ओढली, धाकट्याने हात काढला, आणि मग नवरा-बायकोने एका श्वासात कोपरा दाबला. काच बसली. बसताना ती एकदाच खोल, मंद वाजली. तो आवाज चौकटीतून, भिंतीतून, त्यांच्या कोपरांतून आरपार गेला.

*

धाकटा जिना चढून आत आला तेव्हा माणसं पाचरी ठोकून आपणहून खाली निघून गेली होती. थोरला जमिनीवर बसला होता, आता गारठलेला, आणि वहिनी त्याला जाकिटात गुंडाळत होती.

"हे काय आहे?" धाकट्याने विचारलं.

थोरल्याने मान खाली घातली. वहिनी म्हणाली, "मी सांगते."

"तू शब्द दिलायस," थोरला म्हणाला.

"पाळला. त्याने स्वतः पाहीपर्यंत मी काही सांगितलं नाही. आता पाहिलंय ते काय आहे, एवढंच सांगते." आणि तिने सांगितलं. मुतखडा नव्हता, गाठ होती हे, इंजेक्शनं, बोटांनी ऐकायचं बंद करणं, भांडण. बादलीचंही. तिने आवाज चढवला नाही, स्वतःविषयी एक शब्द काढला नाही.

धाकटा ऐकत असताना हळूहळू खाली बसत गेला. शेवटी तो फरशीवर होता, दादाच्या समोर.

"मला वाटलं, वहिनीने..." तो थांबला. "मी सगळ्यांना सांगत फिरलो, वहिनी. तुझ्या नावाने."

"माहीत आहे. फार रंगवून सांगितलंस म्हणे."

"आणि तू गप्प राहिलीस?"

"तू जिवंत होतास. दोन हात शाबूत होते. लोक बोलत होते तेवढ्यावर भागत होतं, बारक्या."

ते नाव ऐकलं आणि पन्नाशीला आलेल्या त्या माणसाचा चेहरा नऊ वर्षांच्या पोरासारखा चुरगळला. तो दादाकडे वळला. "बाबांचा नियम काय होता? काच सुटली तर काच सोडायची. काच, दादा. तू मला सोडलंस."

थोरल्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "हे रडणं समजू नकोस," तो म्हणाला. "हे औषधाचं आहे. इंजेक्शनं कधीच संपली, हे राहिलंय."

"सगळं औषधाचं?"

"औषधाचं किती आणि माझं किती, ते आता मलाही कळत नाही रे."

"ताकद येईल का परत?"

"नाही. बाई म्हणाल्या, आता वाट बघू नका."

धाकट्याने दादाचा हात हातात घेतला, तळवा वर केला, आणि अनोळखी वस्तू बघावी तसा बघत राहिला. तो हात मऊ झाला होता. मग तो म्हणाला, "उद्यापासून काच आम्ही उचलू. हाळी तू द्यायची. मी घाई करतो."

"करतोसच," थोरला म्हणाला. यावेळी दोघंही हसले, आणि हसता हसता थोरला पुन्हा रडू लागला, तेव्हा कोणी त्याचं कारण विचारलं नाही.

ढग सरकले आणि उन्हाचा पूर त्या काचेतून आत आला. लांबलचक दालन, टेबलं, पुस्तकांच्या रांगा आणि फरशीवर बसलेले दोन म्हातारे होत चाललेले भाऊ, सगळं एकदम उजळलं. आणि त्या उजेडात काचेवरचे ठसे दिसले. आतून चार तळवे, बाहेरून एक. एका कोपऱ्यात, एकमेकांवर, कुठला कोणत्या बाजूचा ते सांगता येऊ नये असे.

"वहिनी, फुली," धाकटा डोळे पुसत म्हणाला. "तीन वर्षं माझ्या काचांवर मीच मारतोय. वाकडी येते."

वहिनीने सवयीने फडकं उचललं, ठशांपर्यंत नेलं, आणि तिथेच थांबली. मग फडकं खांद्यावर टाकून तिने कुंचला रंगात बुडवला आणि काचेच्या मधोमध पांढरी फुली मारली. तिचं लक्ष ठशांवरच होतं. फुली वाकडी आली. दोन्ही भावांनी ती पाहिली, आणि तशीच राहू दिली.